आग्रा रोड: मुंबईहून आग्र्याला गाडीने जायचंय? सारखे विचारले जाणारे प्रश्न

आम्ही हा रस्ता पूर्ण दोनदा केलाय, आणि नाशिक-इंदूर एवढा तुकडा तर किती वेळा ते मोजलंच नाही. माझे अण्णा एसटीत ड्रायव्हर होते, नाशिक-धुळे-इंदूर त्यांच्या पायाखालचा रस्ता, पण त्याच्या पुढे ते आयुष्यात कधी गेले नव्हते, म्हणून रिटायर झाल्यावर त्यांना घेऊन निघालो. तेव्हापासून ओळखीतले, ओळखीच्या ओळखीतले सगळे फोन करून तेच तेच विचारतात, तर एकदाच लिहून टाकतो.

आग्रा रोड म्हणजे नेमका कुठला? मॅपवर तर असा रस्ताच दिसत नाही.

जुना नॅशनल हायवे नंबर ३. मुंबई, ठाणे, नाशिक, धुळे, इंदूर, ग्वाल्हेर, आग्रा, साधारण ११६० किलोमीटर. २०१० नंतर नंबर बदलले आणि एका रस्त्याचे तुकडे झाले, नाशिक-धुळे आता ६०, धुळे-इंदूर-ब्यावरा ५२, ब्यावरा ते ग्वाल्हेर ४६ आणि तिथून आग्र्यापर्यंत ४४. म्हणून मॅपवर "नंबर ३" शोधाल तर सापडणार नाही, उलट भलताच रस्ता दाखवेल कारण ३ नंबर आता उत्तरेत दुसऱ्याच हायवेला दिलाय. पण लोकांच्या तोंडातलं नाव कुठं जातंय. मुंबईत सायन-कुर्ला-मुलुंडवरून जाणारा एलबीएस मार्ग म्हणजे जुना आग्रा रोडच, नाशकात आग्रा रोडच म्हणतात, आणि गंमत म्हणजे इंदूरला पोचलात की त्याच रस्त्याला एबी रोड म्हणतात, आग्रा-बॉम्बे. आपण त्याला त्या टोकाचं नाव देतो, ते दोन्ही टोकांचं देतात. अण्णांना हे एवढं आवडलं की शिवपुरीपर्यंत प्रत्येक दुकानाच्या पाटीवर एबी रोड दिसला की मोठ्याने वाचायचे.

किती दिवस लागतात?

नुसतं पोचायचं असेल तर दोन ड्रायव्हर आणि एक मुक्काम, होतं. पण मग विमानाने जा ना, स्वस्त पडेल. आम्ही जाताना सहा दिवस घेतले: धुळे, महेश्वर, इंदूर, शिवपुरी, ग्वाल्हेर असे मुक्काम आणि सहाव्या दिवशी आग्रा. सहापेक्षा कमी करायचे असतील तर धुळ्याचा मुक्काम काढा, ग्वाल्हेरचा काढू नका.

समृद्धीने गेलं तर लवकर होतं ना?

हो. भिवंडीजवळचं आमणे ते इगतपुरी हा शेवटचा तुकडा जून २०२५ मध्ये सुरू झाला, बोगद्यातून सरळ इगतपुरीला निघता, कसारा घाट लागतच नाही. घाई असेल तर तिकडून जा. टू-व्हीलरला समृद्धीवर बंदी आहे, त्यामुळे बाईकवाल्यांना प्रश्नच नाही, घाटच. माझं म्हणाल तर पहिल्या वेळी घाटातूनच जा, घाट चढून वर आलं की घाटनदेवीचं देऊळ आहे, तिथं नारळ फोडून पुढे जायची ड्रायव्हर लोकांची जुनी पद्धत आहे, आणि अण्णांना बोगद्यातून नेलं असतं तर मला घरात घेतलं नसतं. पावसाळ्यात मात्र घाटात धुकं इतकं असतं की पुढच्या ट्रकचा लाल दिवा हाच रस्ता.

नाशिक ते धुळे काही बघण्यासारखं आहे का? आम्ही तर दोन-अडीच तासात सुसाट जातो.

तिथंच तर सगळे चुकतात. उड्डाणपुलावरून नाशिक कधी गेलं कळत नाही, मग पिंपळगाव बसवंतला टोमॅटो-द्राक्षाच्या गाड्या, आणि पुढे गाडी पळवत न्यायची. पण या शंभर-दीडशे किलोमीटरमध्ये एवढं काही रस्त्याला चिकटून आहे की एक अख्खा दिवस जातो.

पहिलं चांदवड. डोंगराच्या कुशीत रेणुकामातेचं देऊळ, हायवेवरून दिसतं, आणि गावात होळकरांचा रंगमहाल. अहिल्याबाईंच्या काळातला वाडा, लाकडी खांबांवरचं कोरीवकाम बघत बसावं असं. कधी कधी दुरुस्तीसाठी बंद असतो, म्हणून गावात शिरण्याआधी कुणालातरी विचारून घ्या. आणि एक लक्षात ठेवा, आग्र्यापर्यंत होळकर आणि शिंदे हे दोघं तुमचा पिच्छा सोडत नाहीत, चांदवड ही नुसती सुरुवात आहे.

मग राहुड घाट उतरला की मालेगाव. बायपास झाल्यापासून कुणी आत जात नाही, सगळ्यांना मालेगाव म्हणलं की यंत्रमाग आणि बातम्या एवढंच माहीत. मोसम नदीच्या काठावर भुईकोट आहे, नारोशंकर राजेबहादूरांनी बांधलेला. तेच नारोशंकर, नाशिकच्या नारोशंकराच्या घंटेवाले! नाशकात लहानपणापासून ती घंटा बघत आलोय, "हा काय नारोशंकराची घंटा आहे" असं मोठ्या आवाजाच्या माणसाला म्हणत आलोय, आणि त्याच माणसाचा किल्ला शंभर किलोमीटरवर आहे हे मला चाळिशीत कळलं. १८१८ मध्ये इंग्रजांना हा किल्ला घ्यायला चांगलीच झुंज द्यावी लागली होती.

झोडग्याला माणकेश्वराचं हेमाडपंती देऊळ आहे, हायवेपासून अगदी जवळ, कुणीही थांबत नाही, आम्ही गेलो तेव्हा एक म्हातारबा आणि दोन शेळ्या एवढीच गर्दी होती. धुळ्याच्या अलीकडे डोंगरावर लळिंगचा किल्ला, फारुकी सुलतानांच्या काळातला. चढायला तासभर धरा, उन्हाळ्यात चढू नका.

धुळ्यात मुक्काम करून काय करणार?

राजवाडे संशोधन मंडळ बघा. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे १९२६ साली धुळ्यातच वारले, त्यांनी गावोगाव पायपीट करून जमवलेली कागदपत्रं तिथं आहेत. पोरांना कंटाळा येईल, तुम्हाला नाही येणार. आणि सकाळी निघालात की पुढे सोनगीर लागतं, तांब्या-पितळेच्या भांड्यांचं गाव. बायकोने तिथं एक हंडा घेतला, तो आग्र्यापर्यंत माझ्या सीटमागे ठणठण वाजत आला.

शिवाजी महाराज आग्र्याला याच रस्त्याने गेले होते का?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, आणि उत्तर ऐकून लोकांचा चेहरा पडतो. अख्खा रस्ता हाच नव्हे. महाराज १६६६ च्या मार्चमध्ये राजगडावरून निघाले आणि औरंगाबादमार्गे गेले. मुघलांचा दख्खनचा मोठा रस्ता तेव्हा आग्रा, धौलपूर, ग्वाल्हेर, नरवर, सिरोंज, हंडिया, बऱ्हाणपूर असा होता, म्हणजे धुळे-इंदूरकडून नव्हेच. आपण आज ज्याला आग्रा रोड म्हणतो तो घाट फोडून, पूल घालून इंग्रजांनी एकोणिसाव्या शतकात केलेला. पण वरचा भाग, शिवपुरीच्या पुढे ग्वाल्हेर-धौलपूर-आग्रा, तिथं तुम्ही जुन्या शाही रस्त्याच्या अगदी अंगावरून जाता. मुरैन्याच्या अलीकडे नूराबादला सांक नदीवर मुघलांच्या काळातला दगडी पूल अजून उभा आहे, टोकाला मिनार असलेला. १२ मेला महाराज आग्र्यात दरबारात उभे होते, म्हणजे चंबळेच्या या भागातून गेले ते ऐन उन्हाळ्यात. आम्ही ऑक्टोबरात एसी लावून गेलो आणि तरी पाण्याच्या बाटल्या पुरल्या नाहीत.

बिजासन घाट रात्री करावा का?

नाही. पुढचा प्रश्न.

बरं, थोडं सांगतो. शिरपूरच्या पुढे पळासनेर सोडलं की सातपुडा चढायचा, वर बिजासनमातेचं देऊळ आणि मध्य प्रदेश सुरू, मग सेंधवा. रस्ता चांगला चार पदरी आहे, पण ओव्हरलोड ट्रेलर चढताना गोगलगाय असतात आणि उतरताना त्यांच्या ब्रेकचा भरवसा नसतो. दुपारी करा, माकडांना खायला घालू नका, पुढं चला.

नर्मदा कुठे लागते आणि महेश्वरला वळावं का?

खलघाटला. पुलावर गाडी थांबवू नका, सगळे थांबवतात आणि ट्रकवाले शिव्या देतात, पूल ओलांडून खाली घाटावर जा. अण्णांनी तिथं आंघोळच केली, टॉवेल आणलाच नव्हता, बायकोच्या ओढणीला अंग पुसलं.

महेश्वरला वळावंच. धामनोदवरून पंधरा किलोमीटरच्या आत आहे. अहिल्याबाईंनी १७६७ ते १७९५ कारभार केला तो इथून, इंदूरहून नाही, हे आपल्याकडे बऱ्याच जणांना माहीत नसतं. आणि त्यांचं राहण्याचं घर बघितलं की गप्प व्हायला होतं, एवढ्या मोठ्या राज्याची मालकीण आणि घर आपल्या गावातल्या एखाद्या खातेदाराच्या वाड्यासारखं. खाली मात्र घाट बघा, दगडाचं काम बघा. सगळा पैसा तिकडे, रस्त्यावर, विहिरींवर, काशीपासून रामेश्वरपर्यंतच्या देवळांवर गेला. आम्ही संध्याकाळी घाटावर बसलो होतो तर शेजारी एक आजी मराठीत "पाणी वर आलंय गं यंदा" असं सुनेला म्हणाली, मी चमकून बघितलं, तर त्यांच्या पाच पिढ्या तिथंच. मराठी होती पण सूर निमाडी.

माहेश्वरी साडी घ्यायची असेल तर विणकराच्या घरी माग चालू असतो तिथं बसून घ्या.

थोरल्या बाजीरावांची समाधी रावेरखेडीला, नर्मदेच्याच काठी. ती हायवेपासून बरीच आत आहे, त्यासाठी अर्धा दिवस वेगळा काढा. २८ एप्रिल १७४० ला गेले, चाळीशीही पूर्ण नव्हती. पहिल्या ट्रिपला आम्ही "पुढच्या वेळी" म्हणून सोडलं, दुसऱ्या वेळी गेलो. जागा एकदम शांत, बोलावंसं वाटत नाही.

इंदूरमध्ये मराठी चालतं का?

राजवाड्याच्या आसपास जुन्या दुकानांत बिनधास्त बोला, तिसऱ्या माणसाला तरी येतंच. सकाळी पोहे-जिलबी, रात्री सराफा, म्हणजे सराफ बाजारात रात्री भरणारी खाऊगल्ली. इंदूरच्या पोह्यांवर शेव आणि जिरावण नावाचा मसाला असतो, आमच्या घरी त्यावरून भांडण झालं, अण्णांचं म्हणणं पोह्यावर ओलं खोबरंच पाहिजे. गाडी हॉटेलला ठेवा आणि रिक्षाने फिरा, सराफ्यात गाडी नेऊन माझा दीड तास गेलाय. आणि गाडीतून कचरा टाकू नका हं, तिथले लोकच ओरडतात, उगाच नाही ते शहर स्वच्छतेत दरवर्षी वर असतं.

इंदूरच्या अलीकडे महू आहे, म्हणजे आताचं डॉ. आंबेडकर नगर, १८९१ ला बाबासाहेबांचा जन्म तिथला. स्मारक बघायला तासभर काढा.

देवास लागतं का वाटेत?

लागतं, आणि बायपासने सोडून जाऊ नका. एका गावात पवारांची दोन संस्थानं होती, थोरली पाती आणि धाकटी पाती, एकाच गावाचे दोन राजे. टेकडीवर देवी आहे, एक तुळजाभवानी आणि एक चामुंडा. आणि कुमार गंधर्व १९४८ पासून शेवटपर्यंत इथंच राहिले. टीबी झाल्यावर कोरड्या हवेसाठी आले होते, कित्येक वर्षं गाणं बंद होतं, आणि मग माळव्याची लोकगीतं ऐकत ऐकत परत गायला लागले. आम्ही देवास सोडल्यावर गाडीत त्यांचीच निर्गुणी भजनं लावली, अण्णांना फार गाणं कळत नाही, पण ब्यावऱ्यापर्यंत बदला म्हणाले नाहीत.

देवास ते शिवपुरी फार बोअर आहे असं ऐकलं.

खरंय. सपाट माळवा, सोयाबीन नाहीतर गहू, सरळ रस्ता, झोप येते. शाजापूरच्या आसपास कर्कवृत्त ओलांडता एवढीच काय ती घटना, सारंगपूरला रूपमतीची कबर आहे म्हणतात तिथं थांबता येईल. दर दीड तासाला ड्रायव्हर बदला.

आमची फजिती याच पट्ट्यात झाली. गुन्याच्या पुढे संध्याकाळी साडेसातला मागचं टायर बसलं, स्टेपनी काढली तर तिच्यातही हवा नाही, कारण निघताना मी चार टायरची हवा बघितली आणि पाचव्याची नाही. अण्णा एक शब्द बोलले नाहीत, नुसतं बघितलं, ते जास्त लागलं. मागून एक ट्रक थांबला, एमएच १८, म्हणजे धुळ्याचा, ड्रायव्हरने मराठीत विचारलं "काय झालं भाऊ", मग ट्रकच्या टाकीतून पाइप लावून हवा भरून दिली, चहाचे पैसेही घेतले नाहीत, फक्त अण्णांना विचारलं, कुठल्या डेपोला होता बाबा. मग दोघं वीस मिनिटं धुळे डेपोवर बोलत बसले, आणि मी हेडलाईट बंद करून डासांना रक्तदान करत बसलो.

म्हणून: स्टेपनीची हवा बघा. आणि १०३३ हा हायवेचा मदतीचा नंबर फोनमध्ये ठेवा, मला तेव्हा माहीत नव्हता.

शिवपुरीत काय आहे? थेट ग्वाल्हेर गाठता येईल की.

येईल. पण शिंद्यांच्या छत्र्या, म्हणजे समाधीची स्मारकं, शिवपुरीत आहेत, माधवराव शिंदे आणि त्यांच्या आई सख्याराजे यांच्या, समोरासमोर, मध्ये पाणी. संगमरवरात दगड जडवलेलं काम आहे, लोक ताजमहाल बघायला चाललेले असतात म्हणून याकडे बघत नाहीत, पण इथं गर्दी नाही, तिकिटाची रांग नाही. आणि तात्या टोपे. १८ एप्रिल १८५९ ला त्यांना इथं फाशी दिलं, त्या जागी पुतळा आहे. येवल्यात जन्मलेला माणूस, म्हणजे आपल्या नाशिक जिल्ह्यातला. अण्णांनी चप्पल काढून नमस्कार केला.

हायवेला लागूनच माधव नॅशनल पार्क आहे, २०२५ मध्ये त्याचा टायगर रिझर्व्ह झाला, त्यामुळे रात्री तिथून हळू चालवा, प्राणी रस्त्यावर येतात.

ग्वाल्हेरला एक दिवस पुरतो का?

दोन ठेवा. किल्ला, शिंद्यांचा जयविलास राजवाडा, तानसेनाची कबर, हे सगळे बघतातच. जयविलासमधली झुंबरं साडेतीन-साडेतीन टनांची आहेत, आणि जेवणाच्या टेबलावरून सिगार-दारू फिरवणारी चांदीची आगगाडी बघून अण्णा म्हणाले, आमच्या डेपोच्या कॅन्टीनला एक पाहिजे होती. झाशीच्या राणीची समाधीही इथंच, जून १८५८ मध्ये ती इथं पडली. ती ज्या इंग्रजांविरुद्ध लढली त्यांच्या बाजूला शिंदे होते, हे तिथं उभं राहिल्यावर जरा टोचतं. टोचू द्यावं.

पण मला सगळ्यात जास्त मजा आली ती नावं वाचण्यात. शहराच्या एका भागाचं नावच लष्कर, कारण दौलतराव शिंद्यांची छावणी तिथं पडली ती कायमचीच. शिंदे की छावणी, दौलतगंज, फालका बाजार. फालका म्हणजे आपले फाळके. रिक्षावाला मस्त बुंदेलखंडी हिंदीत बोलतो आणि तुम्हाला नेऊन सोडतो मराठी सरदाराच्या नावाच्या चौकात.

चंबळमध्ये डाकू असतात का? रात्री भीती आहे का?

आता नाही, बाबांनो. मुरैना-धौलपूरमध्ये चार-सहा पदरी रस्ता आणि सतत ट्रॅफिक. दोन्ही बाजूला मातीच्या घळी दिसतात, बीहड, ते बघायला तरी दिवसा जा. चंबळचं पाणी बघून आश्चर्य वाटेल, आपल्याकडच्या नद्या बघून तिथं गेलात तर एवढं स्वच्छ पाणी खरं वाटत नाही, घडियाल म्हणजे लांब सोंडेसारख्या तोंडाच्या सुसरी त्यामुळेच तिथं टिकल्यात. मुरैन्यात गजक, म्हणजे तीळ-गुळाची खुसखुशीत चिक्की, घ्या, थंडीत ताजी मिळते. धौलपूर म्हणजे राजस्थान, तासाभराच्या आत संपतो, लाल दगड तिथला. आग्र्याचा एवढा मोठा किल्ला लाल का, ते इथल्या खाणी बघितल्या की कळतं.

भीती डाकूंची नको, धुक्याची ठेवा. डिसेंबर-जानेवारीत ग्वाल्हेर ते आग्रा सकाळी दहापर्यंत गाडी काढू नका. ऑक्टोबर-नोव्हेंबर किंवा फेब्रुवारी बेस्ट.

बायकांसाठी टॉयलेटची सोय?

महाराष्ट्रात बरी, माळव्यात मोठ्या पेट्रोल पंपावर ठीक, गुना-शिवपुरी पट्ट्यात वाईट. बायकोचा नियम: पंप चकचकीत दिसला की गरज नसली तरी थांबायचं. एका झगमगीत ढाब्यावर जेवणाचं बिल घेतल्यावर टॉयलेटला कुलूप असल्याचं सांगितलं, तेव्हापासून आधी टॉयलेट बघतो, मग ऑर्डर देतो.

आग्र्यात गेल्यावर आधी काय बघायचं?

शुक्रवारी पोचू नका, ताजमहाल बंद असतो. आम्ही आधी किल्ल्यावर गेलो. किल्ल्यासमोर महाराजांचा घोड्यावरचा पुतळा आहे. गाडीतून उतरून अण्णा तिथं गेले, फोटो काढू दिला नाही, मग स्वतःच म्हणाले काढ. ताज दुसऱ्या दिवशी पहाटे बघितला, छानच आहे, त्यावर मी काय लिहिणार.

परत येताना दुसरा रस्ता घ्यावा का?

आम्ही दोन्ही वेळा त्याच रस्त्याने आलो. पण एक गोष्ट नीट ऐका, जाताना कसारा, बिजासन आणि इंदूरच्या अलीकडचा गणपती घाट तिन्ही तुम्ही चढता, येताना तिन्ही उतरता. गणपती घाट उतरताना ट्रकचे ब्रेक जाऊन कितीतरी अपघात झालेत, आता उतरणाऱ्यांसाठी वेगळा रस्ता केलाय, तोच घ्या. अण्णांनी तिन्ही घाटांत मला उठवून स्वतः स्टिअरिंग घेतलं, सेकंड-थर्डवर, ब्रेकला पाय जेमतेम लावत, मागून हॉर्न मारणाऱ्यांना हात दाखवत. कसाऱ्याच्या खाली आल्यावर गाडी बाजूला घेतली, टायरला हात लावून बघितला, गरम नव्हतं. मग म्हणाले, "चल, आता तू चालव."